घरपोच नको

धरमपेठ, नागपूर
४ जानेवारी १९७९

चि. शरद यास,
अनेक आशीर्वाद.

आज मी इतकी संतापले आहे की दुपारचं जेवणही गेलं नाही. अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

बसबद्दल तुला चारुलतेकडून कळलं असेलच. खरं आहे ते. लिलावात निघालेली एक मोठी प्रवासी बस मी घेतली. इथल्या महाल भागातल्या सुतारानं आतली बाकं काढून दोन पलंग, ओटा, कपाट आणि मागच्या बाजूला एक बंद मोरी करून दिली. टपावर पाण्याची टाकी आहे. चालवायला चंपतराव आहेत. जन्मभर एस.टी. चालवून निवृत्त झाले आणि घरी बसून सुनांशी भांडायला कंटाळले.

हौस म्हणून केलं असं लोक म्हणतात. म्हणोत. माझ्या शेजारची प्रयाग तुला माहीत आहे. काटोलकडची, पोरीच्या शिक्षणासाठी गाव सोडून नागपुरात खोली घेऊन राहिली ती. तिची गोपिका माझ्याच शाळेत शिकली, नर्स झाली, विशाखापट्टणमला नोकरीला लागली आणि तिथल्याच एका तेलुगू मुलाशी लग्न करून मोकळी झाली. प्रयागच्या दिरानं, रुपरावानं, पोरीचं नावसुद्धा घरात काढायचं नाही असं फर्मान सोडलं. प्रयाग त्याला भीक घालणारी नाही, पण तेवढ्यात तिच्या खुब्याचं हाड मोडलं. आता काठी घेऊन चालते. उकिडवं बसता येत नाही. आगगाडीतला संडास तिला जमत नाही आणि लॉजमधलाही जमत नाही. डॉक्टरांनी करून दिलेली भोकाची खुर्ची हाच तिचा आधार. ती खुर्ची घेऊन दोन दिवस रेल्वेनं जाशील का तू? नात सहा वर्षांची झाली, आजीनं तिला पाहिलेली नाही. आता गोपिकेच्या नवऱ्याला मस्कतला नोकरी लागली आहे. पंधरा मार्चला ती सगळी निघणार, परत कधी येतील कोण जाणे. म्हणून बस, आणि बसमध्ये मोरी.

आता संतापाचं कारण. रस्त्यात गाडी बिघडली तर मदतीला धावणारा तो पथसाथी मोटार संघ आहे ना, त्याच्या सदर भागातल्या कचेरीत मी आज सभासद व्हायला गेले. खिडकीमागच्या गृहस्थांनी मान वर न करता विचारलं, "मिस्टर कुठे आहेत?"

"कोणाचे?"

"तुमचे."

"नाहीत."

"मग वडील?"

"वडील दत्तोपंत एकोणीसशे एक्कावन्नमध्ये गेले. त्यांना विचारायचं असेल तर तुम्हालाच तिकडे जावं लागेल."

तेव्हा कुठे त्यांनी वर पाहिलं. बाईमाणसाच्या नावानं सभासदत्व देण्याची आमच्याकडे पद्धत नाही म्हणाले. नवरा सभासद असेल तर बायकोला सवलत मिळते. मी म्हटलं, गाडी माझ्या नावावर आहे, सरकारनं ती माझ्या नावानं नोंदवली आहे, सरकारपेक्षा तुम्ही मोठे का? तर म्हणे, शिवाय तुमची गाडी कशात बसते तेच कळत नाही. मोटार म्हणावी तर केवढी लांब, बस म्हणावी तर प्रवासी नाहीत. घर अशी काही गाडी आमच्याकडे नाही.

दोन योजना आहेत. 'मार्गस्थ' म्हणजे मिस्त्री जागेवर येतो, न जमल्यास गाडी जवळच्या गॅरेजात नेतो, दुरुस्त झाली की आपण पुढे निघायचं. 'घरपोच' म्हणजे गाडी कुठेही बंद पडली तरी सभासदाच्या गावी ओढून आणून देतात. मला मार्गस्थ हवी. त्यांची मुख्य कचेरी मुंबईत आहे आणि तिथे तुझा कोणी मित्र आहे असं तू मागे बोलला होतास. एकदा जाऊन त्यांना विचार, बायकांच्या गाड्यांची चाकं चौकोनी असतात का?

तुझी,
यमुताई

---

दादर, मुंबई
११ जानेवारी १९७९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तुझ्या लाडक्या भावजयीनं, चारुलतेनं, मोठ्यानं वाचलं आणि मधे मधे हसली. मला हसू आलं नाही.

रागावू नकोस, पण अठ्ठावन्नाव्या वर्षी हे काय आरंभलंस? नागपूरहून रायपूर, तिथून बस्तरचं जंगल, ते घाट. सोबत एक अधू बाई आणि एक म्हातारा ड्रायव्हर. मी रंगाच्या कंपनीसाठी निम्मा देश पालथा घातला आहे, रस्ते काय असतात ते मला विचार. प्रयागबाईंची अडचण मला कळते. त्याला उपाय आहे. गोपिकेलाच नागपूरला बोलवा. मुलीनं आईकडे यायचं ही साधी रीत आहे.

संघात माझा मित्र आहे हे खरं. त्या कारकुनाच्या बोलण्याचं तू फार मनाला लावून घेतलंस. तो बिचारा नियम सांगत होता. जायचंच असेल तर घरपोच योजना घे. तीच वरच्या दर्जाची आहे. अनोळखी गावात, अनोळखी गॅरेजात, अनोळखी लोकांच्या भरवशावर तुम्ही दोघी बसून राहणार, हे माझ्या डोळ्यांसमोर आलं तरी जीव घाबरा होतो. काही झालं तर निदान घरी तरी पोचाल.

विचार करून कळव.

तुझा,
शरद

---

धरमपेठ, नागपूर
१७ जानेवारी १९७९

चि. शरद यास,
अनेक आशीर्वाद.

विचार करून झाला. तो मी बस घेण्याआधीच केला होता.

गोपिकेनं यायचं म्हणतोस. ती आली होती, शरद. मुलगी वर्षाची असताना आली. रुपराव आणि त्याचे दोन मुलगे स्टेशनवर उभे होते. नवऱ्यासमोर, भर फलाटावर तिला जे बोलले ते मी तुला लिहिणार नाही. प्रयाग तेव्हा मेयो हॉस्पिटलात पाय बांधून पडली होती. पोर तशीच उलट्या गाडीनं परत गेली, आईला न भेटता. आता तिनं परत यायचं, असं तिला कुठल्या तोंडानं सांगू?

रविवारी गाडी बुटीबोरीपर्यंत नेऊन आणली. जाताना एक चाक बसलं. चंपतरावांनी ते बदललं, तोवर प्रयागनं आत स्टोव्हवर चहा केला, आणि रस्त्यानं जाणारे बैलगाडीवाले थांबून खिडकीतून आमचं घर बघत राहिले. तुझं पत्र मी तिथेच तिला वाचून दाखवलं. घरपोच योजना म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ती म्हणाली, "घरी वापस यायसाठी काहून मेंबर व्हायचं वं? घर तर आहेच. मले तर पोरीपाशी जायचं हाय."

याहून नीट मला सांगता येणार नाही. गाडी बंद पडली तर ती सुरू करून पुढे पाठवणारा माणूस हवा. मागे ओढून आणणारा नको. मार्गस्थ योजना, माझ्या नावानं. हे होणार नसेल तर तसं स्पष्ट लिही, मी दुसरी वाट बघीन. चंपतराव म्हणतात वाटेतल्या दोन-तीन गॅरेजांशी आपण स्वतःच बोलून ठेवू. पण परस्पर काही करू नकोस.

आणि तो कारकून बिचारा नाही. माझ्या शाळेतल्या चौथीच्या मुलीही बोलताना समोरच्याकडे बघतात.

तुझी,
यमुताई

---

दादर, मुंबई
३० जानेवारी १९७९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं काम झालं. मित्राला भेटलो, गाडीच्या लांबीचाही प्रश्न मिटवला. सभासद क्रमांक ७१४ आहे. कार्ड मुख्य कचेरीतच राहील, रस्त्यात काही झालं तर जवळच्या शहरातल्या त्यांच्या गॅरेजला फोन करून फक्त हा क्रमांक सांगायचा. बाकी सगळं ते बघतील.

तू म्हणशील तसंच झालं आहे, तेव्हा आता निश्चिंत राहा. प्रयागबाईंना नमस्कार. गोपिकेचा पत्ता मला कळवून ठेव.

तुझा,
शरद

---

धमतरी
२८ फेब्रुवारी १९७९

चि. शरद यास आशीर्वाद.

हे कार्ड बसच्या ओट्यावर लिहिते आहे. गोंदियाच्या पुढे रस्ता खराब होता, पण गाडीनं तक्रार केली नाही. काल रायपूरच्या बाहेर एका पेरूच्या बागेत मुक्काम केला. प्रयाग सकाळी म्हणाली, हाड मोडल्यापासून पहिल्यांदाच परगावी जाताना मी पोटभर पाणी पिऊन राहिली. एवढ्या एका वाक्यासाठी बस घेतली असती तरी चाललं असतं.

उद्या केशकालचा घाट चढू. तू धावपळ करून योजना मिळवून दिलीस, त्याबद्दल तुझं मनापासून कौतुक वाटतं. मी पत्रात कडक लिहिलं ते विसरून जा.

यमुताई

---

दादर, मुंबई
२ मार्च १९७९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुझ्या नागपूरच्या पत्त्यावर टाकतो आहे. हे हातात पडेल तेव्हा तू घरी, आपल्या पलंगावर असशील.

काल संध्याकाळी संघाच्या कचेरीतून फोन आला. गाडी केशकालच्या घाटात बंद पडली, क्लच जळला, काय करायचं? मी त्यांना सांगितलं, कसलीही जोखीम घेऊ नका, सगळ्यांना सुखरूप नागपूरला आणा.

तुला राग येईल. योजना घरपोच आहे आणि सभासद म्हणून नाव माझं आहे. तुझ्या नावानं देत नव्हते आणि वाद घालून काही निष्पन्न होणार नव्हतं. मार्गस्थ घेतली असती तर आत्ता तुम्ही त्या जंगलात कुठल्याशा गॅरेजच्या दारात आठ-आठ दिवस बसला असता. मी जे केलं ते मोठ्या बहिणीच्या काळजीपोटी केलं, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा हेच करीन. प्रयागबाईंना वाईट वाटेल, पण जिवापेक्षा भेट मोठी नाही.

मी रजा घेऊन उद्याच निघतो. तू पोचशील तेव्हा मी घरी असेन. समोरासमोर बोलू.

तुझा,
शरद

---

धरमपेठ, नागपूर
६ मार्च १९७९

ती. ताईस,

हे पत्र गोपिकेच्या पत्त्यावर लिहितो आहे, कारण दुसरा पत्ता माझ्याकडे नाही. तू कुठे आहेस?

परवा संध्याकाळी बस आली. मी शेजाऱ्यांकडून किल्ली घेऊन घर उघडून ठेवलं होतं, दूध आणलं होतं, चुलीवर भात चढवला होता. क्रेनच्या मागून बस गल्लीत शिरली. मी दार उघडून आत चढलो तर पलंग रिकामे. ओट्यावर उपडे पेले. एकटे चंपतराव स्टिअरिंग धरून बसलेले.

"ताई कुठे आहेत?" मी विचारलं.

ते खाली उतरले. म्हणाले, "तुमचीच गाडी ना साहेब? घ्या. घरपोच झाली." आणि टोपी झटकून चालायला लागले. मी मागे धावलो, हात धरला. तेव्हा म्हणाले, "बाया घाटात उतरल्या. पुढचं मले माहीत नाही. मले गाडीसंगं धाडलं बाईनं, नाही तर मीही नसतो आलो." त्यानंतर दोनदा त्यांच्या घरी गेलो. सून सांगते, घरी नाहीत. आत त्यांचा खोकला ऐकू येतो.

हा काय प्रकार आहे? मी संघाला नीट बजावलं होतं, सगळ्यांना आणा म्हणून. तू उतरलीसच कशाला? घाटात, जंगलात, एका अधू बाईला घेऊन! तुझ्या हट्टालाही काही मर्यादा आहे की नाही? मी पोलिसात जायला निघालो होतो, चारुलतेनं फोनवर सांगितलं की आधी गोपिकेला तार करा. तार केली आहे. तिचं उत्तर नाही. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही.

मिळाल्याबरोबर तार कर. एक शब्दाची कर.

शरद

---

विशाखापट्टणम
११ मार्च १९७९

शरद,

एक शब्दाची तार कालच केली आहे. 'पोचलो.' आता बाकीचे शब्द घे.

गाडी घाटाच्या वरच्या वळणावर बंद पडली. जळका वास आला आणि चंपतराव म्हणाले, "बाई, क्लच गेला, आता नाही चढत." आम्ही चाकांमागे दगड लावले, रस्त्यावर फांद्या टाकल्या. जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरकडे चिठ्ठी दिली, त्यानं केशकालच्या पोस्टातून रायपूरला फोन लावला आणि तुझा तो ७१४ क्रमांक कळवला. इथपर्यंत मी तुझे आभार मानत होते. प्रयागला सांगत होते, बघ, माझ्या भावानं केवढी सोय करून ठेवली आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी क्रेन आली. क्रेनवाल्यानं गाडी न बघताच क्रेनचं तोंड फिरवून साखळी लावायला घेतली. नागपूरच्या दिशेनं. मी म्हटलं, अहो, कोंडागावचं गॅरेज पुढे आहे. तो म्हणाला, "मेंबर साब का ऑर्डर है. गाडी नागपूर जायेगी."

"कोण मेंबर साहेब?"

"शरच्चंद्र साब, बंबईवाले."

"गाडी माझी आहे," मी म्हटलं. "ही बघा कागदपत्रं. माझं नाव आहे."

तो माणूस वाईट नव्हता. हात जोडून म्हणाला, "गाडी आपकी होगी माताजी. प्लॅन साब का है."

तीस वर्षं शाळा चालवली मी, शरद. मंत्र्यांपुढे उभी राहून इमारतीसाठी भांडले. आणि त्या घाटात, एका अनोळखी माणसासमोर, माझ्या स्वतःच्या गाडीला हात लावून मला बोलायला काही सुचेना. काय सांगणार त्याला? की साहेब माझा धाकटा भाऊ आहे, त्याला गमभन मी गिरवायला शिकवलं?

पुढचं ऐक. ते तुला ठाऊक नसणार, कारण तू योजनेचं नाव तेवढं वाचलंस. ओढून न्यायच्या गाडीत ब्रेक धरणाऱ्या ड्रायव्हरखेरीज माणसं बसवता येत नाहीत. नियम आहे. क्रेनमध्ये ड्रायव्हरशेजारी एकच जागा, आणि तीही इतकी उंच की प्रयाग चढू शकत नाही. म्हणजे तुझ्या घरपोच योजनेत गाडी घरपोच होते, माणसांनी काय करायचं ते माणसांनी बघायचं. तू माझ्या काळजीपोटी आम्हां दोघींना जंगलात रस्त्याच्या कडेला उतरवलंस.

आम्ही सामान खाली काढलं. दोन बोचकी, एक ट्रंक आणि ती खुर्ची. प्रयाग तीच खुर्ची सावलीत मांडून, वर पाट ठेवून तिच्यावर बसली होती. चंपतराव हट्टाला पेटले, गाडी नेऊ देत नाही म्हणून. मी त्यांना सांगितलं, तुम्ही गाडीसोबत जा, ब्रेक धरायला कोणी तरी हवं, आणि माझी गाडी मला साबूत हवी. ते रडकुंडीला येऊन चढले. मग मी प्रयागला म्हटलं, आपणही परत जाऊ, मागून एखादी बस येईल. खरंच म्हटलं. माझ्यातली सगळी ताकद गेली होती.

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला शरम वाटली. म्हणाली, "गाडी वापस जाऊन राहिली तर जाऊ दे वं यमू. आपल्याले कोनी साखळी बांधली काय?"

लाकडाचा एक ट्रक आला. विजयनगरमला निघाला होता. ड्रायव्हर तेलुगू, त्याला मराठी येत नाही, आम्हाला तेलुगू येत नाही. गोपिकेच्या पत्त्याचा कागद दाखवला. त्यानं आणि क्लीनरनं एक फळी आडवी धरली, प्रयागला तिच्यावर बसवलं आणि दोघांनी उचलून वर केबिनमध्ये घेतलं. ती ओरडली नाही, पण माझ्या हातात तिच्या नखांचे वण अजून आहेत. खुर्ची वर ओंडक्यांना दोरानं बांधली.

वाटेत जेव्हा जेव्हा तिला लागलं तेव्हा त्या माणसानं ट्रक थांबवला, ओंडक्यांवर चढून खुर्ची सोडली, झाडामागे नेऊन ठेवली आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन पाठ करून बिडी ओढत उभा राहिला. मी लुगडं धरून आडोसा करायची. एकदाही त्यानं घाई केली नाही, एकदाही कपाळाला आठी घातली नाही. विजयनगरमला त्यानंच टॅक्सी ठरवून दिली. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं, याची मला चुटपुट लागून राहिली आहे. त्या माणसाला आम्हाला कुठे जायचं आहे तेवढं कळलं होतं. तुला एवढी पत्रं लिहूनही ते कळलं नव्हतं.

गोपिका पहिल्या मजल्यावर राहते. टॅक्सीचा आवाज ऐकून खिडकीत आली आणि जिन्यावरून अनवाणी धावत खाली आली. प्रयागनं तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "किती वाळली वं." मग ती सहा वर्षांची पोर आली, आईच्या पदराआडून बघत. तेलुगूत काही तरी म्हणाली. प्रयागनं मला विचारलं, "काय म्हणून राहिली हे?" गोपिका म्हणाली, "आजी म्हणते आहे तुला, आई. अम्मम्मा." प्रयाग तिथेच टॅक्सीच्या सीटवर परत बसली आणि रडली. तिला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. हाड मोडलं तेव्हाही नव्हती रडली.

जावयानं खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांशी खोलीची अदलाबदल केली आहे, सासूला जिना चढावा लागू नये म्हणून. पंधरा तारखेपर्यंतचा प्रत्येक दिवस इथे आहे. तुझं ऐकलं असतं तर यातला एकही नसता. तुझी तार आधी मिळाली होती. गोपिका उत्तर करायला निघाली, मीच थांबवलं. म्हटलं, त्यालाही जरा कळू दे, माणूस कुठे आहे ते ठाऊक नसणं काय असतं.

आता माझी गाडी. ती तू नागपूरला नेलीस, तूच दुरुस्त करून इथे आणून दे. ही माणसं गेल्यावरही महिनाअखेरपर्यंत हे घर आमच्याकडे आहे. त्यानंतर प्रयागनं काय करावं, तेही तुझ्यातल्या मेंबर साहेबांना विचारून घे.

यमुना

---

धरमपेठ, नागपूर
१७ मार्च १९७९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तू खाली 'ताई' लिहिलं नाहीस, तेही पाहिलं.

माणसं उतरवतात हे मला ठाऊक नव्हतं. हे सांगून काही उपयोग नाही, तरी सांगतो. तू रागावली आहेस ते योग्यच आहे. पण मी भीतीनं केलं, हेही खोटं नाही. त्या दोन रात्रींत मला सारखं दिसत होतं की तू कुठल्या तरी दरीत पडली आहेस आणि मला कळवायला कोणी नाही.

पत्र वाचून मी सदरच्या कचेरीत गेलो. म्हटलं, सभासदत्व माझ्या बहिणीच्या नावावर करा, योजना बदला. खिडकीमागे तुझेच ते गृहस्थ होते. मला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, "साहेब, तुम्ही भाऊ आहात ना? मग तुम्हीच राहा की मेंबर. बायामाणसांच्या मागं कशाला ही झंझट लावता? त्या काळजीनं तर तुम्ही गाडी वापस आणवली."

ताई, मी मुंबईत संघाच्या मित्राशी अगदी याच शब्दांत बोललो होतो. तेव्हा ते मला किती शहाणपणाचं वाटलं होतं. त्या माणसाच्या तोंडून ऐकलं आणि माझं डोकं असं फिरलं की चहाचा कप हातातून टेबलावर आपटला. मी ओरडलो. रंगाच्या कंपनीत बावीस वर्षांत कोणावर ओरडलो नसेन. म्हटलं, ज्या बाईची गाडी आहे तिला तुम्ही खुर्ची दिली नाहीत, आणि ज्याला क्लच कुठे असतो ते माहीत नाही त्याला चहा पाजता? दोन बायांना घाटात सोडून तुमची क्रेन निघून आली, त्याचा जाब कोण देणार? कचेरीतले सगळे उठून उभे राहिले. मी तिथल्या तिथे सभासदत्वाचा राजीनामा लिहून दिला आणि मुख्य कचेरीला तक्रारीचं पत्र टाकलं. तुझ्या नावानं सभासदत्व मागितलं आहे. देतील की नाही, माहीत नाही.

नवी क्लच प्लेट बसली. चंपतरावांनी परवा दार उघडलं. मी सांगितलं, गाडी विशाखापट्टणमला न्यायची आहे, मी सोबत येतो. ते उंबऱ्यापर्यंत आले. मग म्हणाले, "साहेब, घाटात उतरून दगड लावायले लागतात. लावसाल?" लावीन म्हटलं.

रजा वाढवली आहे. उद्या पहाटे निघतो. कोणतीही योजना नाही.

तुझा,
शरद

---

विशाखापट्टणम
२९ मार्च १९७९

चि. शरद यास,
अनेक आशीर्वाद.

तू गाडी आणून दिलीस आणि दुसऱ्याच दिवशी रेल्वेनं निघून गेलास, तेव्हा समोरासमोर बोलणं झालंच नाही. तू टाळत होतास आणि मीही टाळत होते. तुझे हात पाहिले मी. दगड लावलेस खरे.

राग गेला का, असं तू प्रयागला विचारलंस म्हणे. मला विचारायला हवं होतंस. नाही गेला. आणि इतक्यात जाणारही नाही, याची तयारी ठेव. घाटात ज्या क्षणी मी प्रयागला परत जाऊ म्हटलं, तो क्षण आठवला की अंगाची लाही होते. पण त्या कचेरीत तू कप आपटलास ते वाटेत तुझ्याकडून ऐकून चंपतरावांनी मला दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा मी पूर्ण ऐकून घेतलं.

गोपिकेच्या माणसांना स्टेशनवर पोचवलं त्या दिवसाबद्दल तुला लिहायचं होतं. प्रयाग फलाटावर खुर्ची टाकून बसली होती. पोरीनं खिडकीतून हात बाहेर काढून तिची काठी धरून ठेवली, गाडी हलली तरी सोडेना. शेवटी प्रयागनंच काठी सोडून दिली. म्हणाली, "नेऊ दे. माझी म्हणून काहीतरी जाऊ दे तिच्यासंगं." जावयानं पुढच्या स्टेशनवरून कोणाबरोबर तरी काठी परत पाठवली, पण प्रयागनं तोवर बाजारातून नवी घेतली होती.

आता जिथे रुपराव येऊन दारात उभा राहील त्या नागपूरला तिला इतक्यात परत जायचं नाही. मी विचारलं, मग काय करू या? ती म्हणाली, "समुद्राच्या कडेनं खाली काय हाय?" मी म्हटलं, मद्रास. "मग तिकडं चालू." चंपतरावांनी सुनांना तसं कळवून टाकलं आहे. त्यांना त्याचा फारसा त्रास झालेला दिसत नाही.

काल तुझ्या त्या संघाच्या मुख्य कचेरीचं पाकीट आलं. खास बाब म्हणून सभासदत्व मंजूर केलं आहे, मार्गस्थ योजना, गाडीची लांबीसुद्धा मान्य. आत कार्ड होतं. त्यावर लिहिलं होतं, 'श्री. यमुना दत्तोपंत', आणि खाली, 'व्यवसाय : गृहिणी'. इतकं भांडून ही अवस्था! मी लाल शाई मागवली. दोन्ही चुकांवर रेघ ओढली, समासात बरोबर काय ते लिहिलं, आणि नवं कार्ड करून पाठवा असं बजावून परत धाडलं. दुरुस्त होऊन येईल तेव्हा सही करीन. तोवर तुम्ही कार्डाशिवाय निघू नका असं मला तारेनं सांगू नकोस. आम्ही उद्या सकाळी निघतो.

चारुलतेला आशीर्वाद. पत्र टाकायचं तर मद्रासच्या मोठ्या पोस्टाच्या पत्त्यावर टाक, तिथे जाऊन मी विचारीन. पाकिटावर नाव माझं घाल, माझं एकटीचं, आणि नीट वाचता येईल अशा अक्षरात.

तुझी,
यमुताई